प्रकल्प नोंदी : फिनलंड, इंडोनेशिया आणि मामांची पंधरा मिनिटं

७ जून २०२५, शनिवार

सकाळीच मामांचा फोन. त्यांच्या कागदवाल्यांच्या संघटनेची गणपतीच्या आधी सभा आहे आणि यंदा पंधरा मिनिटं बोलायला मामांना उभं करणार आहेत. "तू ऑफिसात आकड्यांचंच करतेस ना? मग मला एक चित्र काढून दे. दोन देश, तीस वर्षं. माझ्या उमेदीत आर्ट पेपर म्हटला की फिनलंड. आता काळबादेवीत कुठल्याही दुकानात शीर, इंडोनेशियाचा माल. इंडोनेशियाने फिनलंडला कसं खाल्लं, ते एका कागदावर दिसलं पाहिजे. शेवटच्या रांगेतून."

हो म्हटलं. मामांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार तसेही कपडे वाळत नाहीत म्हणून चिडण्यात जातात.

नवी वही काढली. ठरलंय एवढंच : १९९० ते २०२०, आधी टन, मग डॉलर. मामांचं वाक्य पहिल्या पानावर जसंच्या तसं लिहून ठेवलंय. खरं निघालं तर चित्र काढायचं, खोटं निघालं तर मामांना सांगायचं कसं ते बघायचं.

८ जून, रविवार

कागद म्हणजे काय, यातच अख्खा दिवस गेला.

जगभरच्या कस्टमवाल्यांच्या यादीत, म्हणजे एचएस कोडात, कागदाचा अध्याय ४८. त्यात ४८०१ न्यूजप्रिंट, ४८०२ लिहायचा-छापायचा लेप नसलेला कागद (मॅपलिथो आणि कॉपियर दोन्ही यातच), ४८०४ क्राफ्ट (पिशव्या-खोक्यांचा मजबूत तपकिरी कागद), ४८१० चिनी मातीचा लेप दिलेला, म्हणजे मामांचा आर्ट पेपर. इथवर ठीक. पण त्याच अध्यायात पुढे ४८१९ ला खोकी येतात आणि ४८२० ला वह्या-रजिस्टरं. लगदा आणि रद्दी मात्र ४७ मध्ये, आणि छापलेली पुस्तकं ४९ मध्ये. मिलमधून निघाला तेव्हा ४८, छापला की ४९, रद्दीत घातला की ४७. एकच कागद आयुष्यात तीन घरं बदलतो.

दुसरा साठा एफएओचा. अन्न आणि शेतीवाली ही संघटना कागदाला जंगलाचा माल समजते आणि १९६१ पासूनचे आकडे ठेवते. तिच्या 'कागद आणि बोर्ड' या मथळ्यात खोकी, वह्या येतच नाहीत, मिलमधून जसा बाहेर पडला तसाच माल. कुठल्या देशाने प्रश्नावली भरून पाठवली नाही, तर मागच्या वर्षीचा आकडा पुढे ओढायचीही तिथे रीत आहे. म्हणून आकड्याशेजारचं खुणेचं अक्षर वाचल्याशिवाय एकही रकाना उचलायचा नाही, हे आजच लिहून ठेवते.

मामांच्या दुकानात वह्याही नाहीत, खोकीही नाहीत. रीम आणि रीळ. म्हणून उत्पादन आणि एकूण टनांसाठी एफएओ. कुठला कागद कुणाला विकला, यासाठी संयुक्त राष्ट्रांचं कॉमट्रेड, म्हणजे देशादेशांतल्या आयात-निर्यातीचा साठा, आणि त्यातही फक्त ४८०१ ते ४८११.

एचएस लागू झालं १९८८ ला. त्याआधीचे आकडे एसआयटीसी या वेगळ्याच वर्गवारीत आहेत, १९९० पासून सुरू करायचं हेही एक कारण. मग १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७ ला कोडांची डागडुजी झालीच. चार अंकी पातळीवर राहिलं तर फारसं दुखत नाही. सहा अंकांत शिरलं की दर पाच-सहा वर्षांनी ओळ तुटते.

१४ जून, शनिवार

कॉमट्रेडमधून दोन्ही देशांची निर्यात उतरवून घेतली, जोडली, आलेख काढला. फिनलंडचा डोंगर असा काही उभा राहिला की मलाच कौतुक वाटलं. रात्री मामांना व्हॉट्सॲप केला.

१५ जून, रविवार

सकाळी साडेसहाला मामांचा आवाज. "अगं, २००६ ला फिनलंडने दोनशे साठ लाख टन विकला म्हणतेस. त्यांच्या सगळ्या मिली मिळून बनवतात एकशे चाळीस लाख. वरचा माल काय दोन नंबरचा?"

कॉमट्रेड प्रत्येक गिऱ्हाईक देशाची वेगळी ओळ देतं आणि वर 'जग' नावाची बेरजेची ओळही देतं. मी सगळंच एकत्र जोडलं होतं. बरोब्बर दुप्पट. नशीब, सहा अंकी कोड आधीच गाळले होते, नाहीतर चौपट झालं असतं.

मामांना १४० चा आकडा पाठ कसा? कुठल्याशा परदेशी मासिकाचं कात्रण त्यांच्या गल्ल्याखाली अजून आहे म्हणे.

नियम लिहिला, लाल पेनाने : निर्यात उत्पादनाशेजारी ठेवून बघितल्याशिवाय आलेख घराबाहेर जाणार नाही.

२१ जून, शनिवार

आता एफएओचं उत्पादन. मिलियन टन मामांना कळत नाहीत, म्हणून सगळं लाख टनांत केलं.

फिनलंड : १९९० ला सुमारे ९० लाख टन, २००० ला १३५, २००६ ला १४० च्या थोडं वर. हाच कळस. २००९ ला १०६. २०२० ला ८२.

इंडोनेशिया : १९९० ला जेमतेम १४ लाख, २००० ला ७०, २०१० ला शंभराला टेकलेला.

यावर माझ्याच टीममधल्या पोराने सुचवलं की १९९० ला १०० धर, दोन्ही रेषा एका बिंदूतून निघतील, दिसायला छान. काढून पाहिलं. २००० सालापर्यंत इंडोनेशिया ५०० ला आणि फिनलंड १५० ला. मामा बघताच टाळी वाजवतील असं चित्र. पण टनांत मोजलं तर त्या दहा वर्षांत इंडोनेशियाने ५५-५६ लाख टन वाढवले आणि फिनलंडने ४५ लाख. इतक्यात काही कुणी कुणाला खात नव्हतं, दोघंही अंगाने भरत होते. ज्याची सुरुवात लहान त्याची टक्केवारी फुगतेच. निर्देशांकाचा आलेख रद्द. पोरगं जरा नाराज झालं.

२२ जून, रविवार

पाहुणे. काम शून्य.

२८ जून, शनिवार

आज दुकानातच गेले. मस्जिदला उतरून चालत. गल्लीत हातगाडी आडवी, तिच्यावर ताडपत्रीत गुंडाळलेले रिमांचे गठ्ठे आणि गाडीवाला कोणाशी तरी भांडत उभा. दुकानात दमट हवेने वरच्या शीटच्या कडा लहरल्या होत्या. "कागदाला हवा लागलीय," मामा म्हणाले आणि गठ्ठा उलटा करून ठेवला.

डॉलरच्या रकान्याबद्दल विचारायचं होतं. काही वर्षांच्या काही ओळींत पैसे असतात पण वजन नसतं, मग कॉमट्रेडवाले सरासरी भावावरून वजन काढून तिथे भरतात. मामा हसले. "भावावरून वजन? आमच्याकडे वजनावरून भाव." आणि समोरच्या रिमेवर बोट ठेवून तोंडी हिशेब : २३ बाय ३६ इंच, ९० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम. तेवीस छत्तीस आठशे अठ्ठावीस, गुणिले नव्वद, भागिले ३१००, चोवीस किलो. काट्यावर ठेवली. चोवीसला जरा कमी. "बघ, दमट हवेतसुद्धा माल हलका निघाला." मग पुरवठादाराला फोन लावला आणि दहा मिनिटं मला विसरले.

भरून काढलेली वजनं मी आता वेगळ्या रंगात ठेवणार आहे. मामांच्या काट्याचा धसका घेतलाय.

पण आजची खरी कमाई वेगळीच. मामांनी माळ्यावरून जुन्या फिनिश क्राफ्टचा एक तुकडा काढला आणि शेजारी इंडोनेशियाच्या कॉपियरचा ए-फोर ठेवला. दोन्ही माझ्यासमोर हळूहळू फाडले. क्राफ्टच्या फाटलेल्या कडेला केसाळ, लांब धागे, मांजराच्या मिशांसारखे. कॉपियरची कड आखूड, जवळजवळ कापल्यासारखी. मग कॉपियरचा कागद ट्यूबलाइटसमोर धरला : सगळीकडे सारखा दाट, कुठे ढग नाही. "हा छपाईला राजा. पण याची पिशवी करशील तर फाटेल. लांब धागा थंडीतल्या झाडाचा. स्प्रूस, पाइन. हे आखूड धाग्याचं झाड पाच-सहा वर्षांत तोडतात. फिनलंडचं झाड तोडायला नातू लागतो."

खरंच आहे. सुमात्रातल्या लागवडीत बाभळीची भावंडं, ॲकेशिया, पाच ते सात वर्षांत तोडणीला येतात. फिनलंडच्या जंगलात साठ ते शंभर वर्षं थांबतात. आखूड धाग्यातही ताकद हवी असेल तर लांब धाग्याचा लगदा मिसळावा लागतो, आणि तो इंडोनेशियात पिकत नाही, बाहेरून आणावा लागतो.

म्हणजे अध्याय ४७ उघडावाच लागणार. मी तो ८ तारखेला ऐटीत बाजूला ठेवला होता.

२९ जून, रविवार

अध्याय ४७ उघडला आणि चित्रच पालटलं.

अध्याय ४८ मध्ये फिनलंड २००६ नंतर घसरत जातो. पण ४७ मध्ये, म्हणजे लगद्यात, तो नंतरच्या वर्षांत चढतो. आनेकोस्कीची नवी लगदा मिल ऑगस्ट २०१७ ला सुरू झाली, वर्षाला १३ लाख टनांची. माझ्या मुदतीबाहेर, २०२३ ला, केमीला १५ लाख टनांची आणखी एक. म्हणजे कागद करायचा थांबवून त्यांनी झाड विकणं सोडलं नाही, फक्त कागद होण्याच्या एक पायरी आधीच विकायला लागले. त्यातला बराच लगदा आशियात जातो, तिथल्याच मशीनवर कागद होतो आणि कधी तरी मामांच्या गल्लीतही येत असणार, दुसऱ्याच देशाचं नाव लावून.

इंडोनेशियाही काही नुसता कागदवाला नाही. दक्षिण सुमात्रातली मोठी लगदा मिल २०१६ च्या अखेरीस सुरू झाली तेव्हापासून त्यांचाही लगदा बाहेर ओततोय. लांब धागा मात्र त्यांना आणावाच लागतो, आणि रद्दीही.

नुसता ४८ काढून दिला असता तर मामांचं वाक्य खरं ठरलं असतं आणि मी अर्धवट चित्र देऊन मोकळी झाले असते.

५ जुलै, शनिवार

आज रेषांवरचे खड्डे आणि उंचवटे घेतले, एकेक. प्रत्येकापाशी नाव लिहायचं, नाही सापडलं तर प्रश्नचिन्ह.

फिनलंडच्या रेषेला २००५ मध्ये एक खोल दात आहे. २००४ ला १४०, २००५ ला १२४, २००६ ला पुन्हा १४०. दोन तास मला वाटत होतं की आकडा चुकलाय, नाहीतर सुटलाय. चूक नाही. त्या वर्षी मे-जूनमध्ये मालक आणि कामगारांच्या भांडणात फिनलंडच्या कागद मिली जवळजवळ सात आठवडे बंद होत्या, टाळेबंदीच. अख्ख्या देशाच्या मिली. गिरणगावात वाढलेल्या माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सातच आठवडे?"

फिनलंडचीच १९९१ ची खोच : सोव्हिएत संघाशी मालाच्या बदल्यात माल असा जो जुना व्यवहार होता तो संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्काचं, म्हणजे फिनलंडच्या तेव्हाच्या चलनाचं, अवमूल्यन झालं, सप्टेंबर १९९२ ला तो मोकळा सोडला. मार्का पडला, कागद बाहेर स्वस्त झाला आणि टन वाढत गेले. डॉलर मात्र तितके वाढले नाहीत. म्हणूनच टन आणि डॉलर एकाच आलेखात घालायचे नाहीत.

इंडोनेशियाचा १९९७-९८ चा उंचवटा तसाच, पण जास्त क्रूर. १९९७ च्या मध्यापर्यंत एका डॉलरला २,४०० च्या आसपास रुपिया मिळत. जानेवारी १९९८ ला तो दहा हजारांपलीकडे गेला, मग काही काळ पंधरा हजारांपलीकडेही. देशात मागणी मेली, मशिनी नव्याकोऱ्या, मग माल बाहेर ढकलला. मामांना फोन केला तर त्यांना ते वर्ष बिलासकट आठवत होतं : "तेव्हाच पहिल्यांदा मुंबईत इंडोनेशियाचा माल डोळ्यांत भरला. आम्हाला वाटलं, निकृष्ट असणार. तसा नव्हता."

हे वाक्यही वहीत घेतलं. चित्रात कसं घालायचं ते माहीत नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. उपास, त्यामुळे डोकं हलकं. किरकोळ कामं उरकली : एक युरो म्हणजे ५.९४५७३ मार्का, जुन्या मराठी-इंग्रजी कात्रणांतले भाव त्यावरून बदलून घेतले. डॉलरची महागाई काढली, १९९० चा डॉलर म्हणजे २०२० चे जवळपास दोन. ती काढली नसती तर दोन्ही देश नुसतेच श्रीमंत होताना दिसले असते. साबुदाणा खिचडी उत्तम.

१२ जुलै, शनिवार

आज मुख्य प्रश्न. दोन रेषा एकमेकींना छेदतात का?

उत्पादनाच्या छेदतात. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही शंभर लाखांच्या आसपास घोटाळतात, मग इंडोनेशिया वर निघून जातो. मामा खूश.

निर्यातीच्या मात्र त्या दशकात कुठेच छेदत नाहीत. फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाख, म्हणजे ठाणे जिल्ह्याहूनही कमी. बनवलेल्यातला नव्वद टक्के कागद ते पहिल्यापासून बाहेर विकतात, करणार काय? इंडोनेशियात पंचवीस कोटींवर माणसं. तिथे निम्म्याहून अधिक माल घरातच खपतो, शाळेच्या वह्या, खोकी, सिगारेटची पाकिटं. त्यामुळे उत्पादनात मागे पडल्यावरही निर्यातीत फिनलंड कितीतरी वर.

मामांना संध्याकाळी सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग : "म्हणजे मी दुकानात जे बघतो ते खोटं?"

खोटं नाही, असं म्हटलं. पण ते खरं कसं, हे तेव्हा मलाही सांगता आलं नाही.

१३ जुलै, रविवार

एक तांत्रिक खड्डा, पटकन. फिनलंड १ जानेवारी १९९५ ला युरोपीय संघात गेला. त्यानंतर जर्मनीला जाणारा कागद कस्टमच्या खिडकीतून जातच नाही, कंपन्या स्वतः महिन्याचा हिशेब कळवतात आणि छोट्यांचा अंदाज धरतात. म्हणजे १९९४ आणि १९९५ हे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेले आहेत. आलेखात बारीक उभी रेघ आणि खाली एक ओळ. मामा म्हणतील, ही रेघ काढ. नाही काढणार.

१९ जुलै, शनिवार

गिऱ्हाइकं. हे काम आधी करायला हवं होतं.

फिनलंडचा कागद कुठे जातो? जर्मनी, ब्रिटन, एकूण युरोप, थोडी अमेरिका. त्यातही मोठा भाग गुळगुळीत मासिकं, कॅटलॉग, वर्तमानपत्रांचा. इंडोनेशियाचा? जपान, चीन, मलेशिया, व्हिएतनाम, आखाती देश. त्यात कॉपियर भरपूर. दोघांची गिऱ्हाइकं एका यादीत मांडली आणि वरच्या पाच नावांत सामाईक एकही नाही. एका ताटात जेवतच नव्हते, तर खाल्लं कुणी कुणाला?

फिनलंडचा घास घेतला तो युरोपातल्या वाचकाने. तो मासिक घेईनासा झाला, कॅटलॉग फोनवर बघायला लागला. मिली एकामागून एक बंद झाल्या : २००६ ला वोइक्का, २००८ ला सुम्मा, २०२० च्या अखेरीस काइपोला, तीही न्यूजप्रिंट करणारी. वरून २००७-०८ ला रशियाने लाकडाच्या निर्यातीवर कर चढवला, तिकडून येणारा कच्चा माल महागला. वार्काउसची गोष्ट मला फार आवडली. तिथल्या लिहायच्या-छापायच्या कागदाच्या मशीनचं २०१५ ला रूपांतर केलं आणि त्यावर खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट काढायला लागले. पत्रं बंद झाली, पार्सलं वाढली, मशीन तेच.

म्हणून फिनलंडच्या रेषेला 'कागद' आणि 'बोर्ड' असं फोडलं. कागद कोसळतो, बोर्ड हळूहळू वर. एका रेषेत हे दिसतच नव्हतं.

(शब्दांचा घोळ : सभेत 'पुठ्ठा' म्हणायचं की 'बोर्ड'? पुठ्ठा म्हटलं की वहीच्या पाठीचा करडा पुठ्ठा डोळ्यांसमोर येतो. फिनलंडचं बोर्ड म्हणजे दुधाच्या खोक्याचं, औषधांच्या डबीचं पांढरं. गल्लीत सगळे बोर्डच म्हणतात. बोर्ड.)

आरशातले आकडेही तपासले. म्हणजे फिनलंड म्हणतो भारताला इतका विकला, भारत म्हणतो फिनलंडकडून इतका घेतला. जुळत नाहीत. निर्यात जहाजावर चढवतानाच्या भावाने मोजतात, आयात विमा-भाडं धरून, हे एक. दुसरं, मधल्या बंदरातल्या व्यापाऱ्याला विकलेला माल विकणाऱ्याच्या वहीत त्या बंदराच्या देशाच्या नावावर बसतो, घेणाऱ्याच्या वहीत मूळ देशाच्या. इंडोनेशियाच्या बाबतीत तर शेजारच्या सिंगापूरने कित्येक दशकं, २००० नंतरची पहिली काही वर्षं धरून, इंडोनेशियाशी असलेल्या व्यापाराचे आकडे छापलेच नव्हते. त्यामुळे सिंगापूरमार्गे आलेल्या मालाचा आरसाच काळा.

२६ जुलै, शनिवार

२६ जुलै म्हटलं की मुंबईकर आधी आकाशाकडे बघतो. तरी मामांबरोबर भिवंडीच्या गोडाऊनला गेले.

आत रीळ उभी करून ठेवलेली, माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्यावर प्रत्येकाची चिठ्ठी : जीएसएम, रुंदी, वजन, देश. मी वही घेऊन चिठ्ठ्या वाचत हिंडले. कॉपियर आणि मॅपलिथोत इंडोनेशिया, देशी मिलीही भरपूर. फिनलंडची चिठ्ठी फक्त एका कोपऱ्यात, तीही कागदावर नाही, पांढऱ्या बोर्डावर. मामा तिथे क्षणभर थांबले आणि जुन्या ओळखीच्या खांद्यावर ठेवतात तसा रिळावर हात ठेवला.

मामांच्या दुकानातलं खरं कसं, ते इथे कळलं. आसियानशी, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी, भारताचा मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० ला लागू झाला, इंडोनेशिया त्यात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. कागदावरचं शुल्क पायरी पायरीने उतरत १ जानेवारी २०१४ पासून शून्य. फिनलंडच्या कागदावर मात्र नेहमीचं शुल्क. शिवाय सुमात्रा ते न्हावा शेवा आणि बाल्टिक ते न्हावा शेवा, या अंतरांत फरक आहे. म्हणजे युरोपात फिनलंड पडला तो वेगळ्या कारणाने आणि काळबादेवीत दिसेनासा झाला तो वेगळ्या. मामा गल्लीतून जग बघत होते. गल्लीपुरतं त्यांचं बरोबर होतं.

नंतर तर कॉपियर इतका आला की २०१८ ला इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूरच्या कॉपियरवर अँटी-डंपिंग, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क, लागलं. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कागद आयातीची आधी नोंदणी करावी लागते, अध्याय ४८ मधल्या २०१ ओळींसाठी. नोंदणीचा विषय निघताच गोडाऊनवाले काका आणि मामा दोघंही एकदम बोलायला लागले, ते इथे लिहीत नाही.

परतताना माणकोलीच्या पुलावर दीड तास. वहीची पानं लहरली.

२ ऑगस्ट, शनिवार

चित्र पुरं झालं. एकाचे तीन केले, मामांनी कुरकुर करून मान्य केलं.

पहिलं : उत्पादन, दोन रेषा, छेदणाऱ्या. दुसरं : निर्यात, दोन रेषा, न छेदणाऱ्या. तिसरं : एकट्या फिनलंडचं, कागद खाली, बोर्ड जरा वर, आणि बाजूला लगदा चढताना. इंडोनेशिया शेंदरी, फिनलंड निळा. १९९५ ची उभी रेघ राहिली. २००५ च्या दातापाशी 'सात आठवडे मिली बंद' असं लिहिलं. शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढं फक्त हेच आहे, बाकीचं पुढच्यांसाठी.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. मामा आईकडे आले, ओवाळणी झाली, नारळीभात झाला, मग हॉलमध्ये रंगीत तालीम. आई सोफ्यावर, तीच सभा.

मामांनी वाक्य बदललंय. आता म्हणतात, "फिनलंड उठून गेला, इंडोनेशिया येऊन बसला." त्यावर आई म्हणाली, "म्हणजे लोकलसारखं." मामांनी ते लगेच टिपून घेतलं. मला भीती वाटतेय की सभेत तेवढंच लक्षात राहील.

लगद्याच्या रेषेपाशी ते खिशातून क्राफ्टचा तुकडा आणि ए-फोर काढणार आहेत आणि सगळ्यांसमोर फाडणार आहेत. माइकजवळ धरून. दोन आवाज वेगळे येतात, घरी करून पाहिलं. पंधरा मिनिटांची बावीस झाली. १९९८ च्या आठवणीतून चार कापली, उरलेली तीन कुठून कापायची यावर वाद चालू आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, बाहेर ढोल. प्रेसमधून चित्रं छापून आली, मामांनी स्वतःच्या गोडाऊनमधला १३० जीएसएमचा आर्ट पेपर दिला होता. निळा आणि शेंदरी छान उठलेत.

गठ्ठ्याबरोबर रिमेचं फाटलेलं वेष्टनही आलं होतं. सवयीने देश वाचला. दक्षिण कोरिया.

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं : "हे पुढच्या वर्षीच्या सभेला."